ट्रकमधून पाहिलेलं विद्यापीठ

शकुंतलाबाई पटले हिला लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि तिने आपल्या पोरीसाठी विद्यापीठ पारखून घेतलं, हे ऐकून कोणी हसलं की माझं डोकंच फिरतं. हसणाऱ्यांनी स्वतःच्या पोरांना कुठे घातलेलं असतं? शेजाऱ्याचा पोरगा जिथे गेला तिथे! विचारलं तर म्हणतात, सगळेच जातात ना वो तिकडे. शकुंतलाबाईने पोरीला पाठवण्याआधी अख्खा हायवे कामाला लावला होता. मी हे डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून नीट पहिल्यापासून सांगते.

मी अल्का. सडक अर्जुनीला हायवेच्या कडेला माझं एसटीडी बूथ होतं, पिवळ्या पाटीचं, काचेच्या दाराचं. मोबाइल आले आणि माझा धंदा बसला, पण दोन हजार चारमध्ये अजून लोक फोन करायला माझ्याकडे रांग लावायचे. बूथला लागूनच शकुंतलाबाईचा ढाबा. तिचा नवरा बिसराम भट्टीवर असायचा. दिवसभरात तो बोलायचा फार तर दोन वाक्यं, तीही कणकेबद्दल. बाकी सगळं बाई पाहायची. नागपूर-रायपूर रोडवरचे ट्रक दिवसरात्र थांबायचे. ड्रायव्हर लोक खाटेवर पाय पसरायचे, जेवायचे आणि पुढे निघायचे. आमची सडक अर्जुनी एवढीशी, पण त्या खाटांवर बसलं की कलकत्ता आणि सुरत शेजारीच असल्यासारखं वाटायचं.

शकुंतलाबाईला भाऊ नव्हता. शहरात ही गोष्ट कोणी विचारतही नाही, पण आमच्याकडे बाईला भाऊ नसला की लोक तोंडावर हळहळतात. पोरीच्या लग्नात मामा लागतो, बारशाला मामा लागतो, भांडण झालं तर बोलायला मामा लागतो. शकुंतलाबाईने हळहळ ऐकून घेण्यापेक्षा वेगळीच रीत पाडली. राखीच्या आदल्या आठवड्यात ती गोंदियाहून राख्यांची गड्डी आणायची. राखीच्या दिवशी ढाब्यावर जो ड्रायव्हर थांबेल, घरापासून दूर असेल, त्याच्या मनगटावर राखी. सरदार असो, बिहारी असो, कोणी का असेना. कपाळाला कुंकू, तोंडात पेढा, आणि "गाडी हळू चालवजो गा" एवढंच. मोठमोठे मिशीवाले गडी मनगट पुढे करून लहान पोरासारखे उभे राहायचे. एक लुधियानाचा सरदार तर दर वर्षी राखीची तारीख पाहूनच माल भरायचा, असं बाकीचे त्याला चिडवायचे.

पोरगी एकच, दुर्गेश्वरी. ढाब्यावरच वाढली, पण ताटं वाढताना तिचे कान दुसरीकडेच असायचे. "काका, काय भरलं आहे?" "सरिया, बेटी. लोहा." "कुठून?" "रायपूर से." "आन् येताना?" येताना खाली, असं ड्रायव्हर म्हणाला की तिच्या कपाळाला आठी पडायची. रिकामी गाडी एवढ्या लांबून परत का येते, तिला तिथे भरायला काहीच कसं मिळत नाही, आणि मग तेल कोणाच्या खिशातून जळतं? जेवणारा माणूस घास तोंडाजवळ धरून विचारात पडायचा. "तेरी लडकी सेठ बनेगी दीदी," असं म्हणून सगळे हसायचे. ती हसायची नाही.

बारावी कॉमर्स झाली त्याच उन्हाळ्यात मोजणीची माणसं आली. रस्ता चौपदरी होणार होता. त्यांनी ढाब्याच्या भिंतीवर लाल रंगाने खूण केली, आणि ती खूण भट्टीच्याही मागे होती. म्हणजे आज ना उद्या ढाबा जाणार होता. बिसरामने ती खूण पाहिली आणि कणीक मळायला बसला. दुर्गेश्वरी मात्र माझ्या बूथमध्ये येऊन म्हणाली, "अल्काताई, मले धंद्याचं शिक्षण घ्याचं आहे. ढाबा जाईल, तवा मी तयार पाहिजे." असं बोलणारी पोरगी मी आमच्या तालुक्यात पाहिली नव्हती. फोन वाजत असूनही मी तो उचलायला विसरले.

आता कुठे शिकायचं हा प्रश्न आला आणि तमाशा सुरू झाला.

पहिला आला दुर्गाप्रसाद. बिसरामचा चुलतभाऊ, खाजगी शाळेत शिक्षक, कुठल्याही गोष्टीत शेवटचा शब्द आपलाच असावा अशी हौस. तो रायपूरच्या एका विद्यापीठाचं गुळगुळीत पुस्तक घेऊन आला. त्या विद्यापीठाचं नाव मी सांगत नाही, कारण आता ते कुठे उरलंच नाही. पण पुस्तक काय होतं, बाप्पा! पहिल्या पानावर तलाव, तलावात हंस, मागे पांढरी इमारत. आत कॉम्प्युटरसमोर बसलेल्या पोरी, सगळ्या दात दाखवून हसणाऱ्या. वाचून दाखवता दाखवता मीच हरखले. व्यवस्थापन, उद्योजकता, परदेशी कंपन्या. बिसराम हात पुसून भट्टीवरून उठून आला, तिथेच सगळं आलं.

"जागा भरून राहिल्या," दुर्गाप्रसाद म्हणाला. "सोमवारी नाव घालून देतो."

शकुंतलाबाईने पुस्तकातल्या हंसावर बोट ठेवलं. "कोनी पाहिलं आहे काय हे?"

"अवो वहिनी, छापलेलं आहे!"

"छापलेलं दिसून राहिलं मले. पाहिलं कोनी, ते सांगा."

दुर्गाप्रसादने नाक मुरडलं. शकुंतलाबाईने पुस्तकाचं मागचं पान, पत्ता होता ते, फाडलं आणि जेवायला बसलेल्या दुलीचंदच्या हातात दिलं. दुलीचंद छत्तीसगडातल्या दुर्गचा, तिच्याच वयाचा, बोलायला हळू, आणि राखीच्या भावांमधला सगळ्यात जुना. रायपूरहून लोखंड भरायचा आणि पुण्याकडे जायचा. "जाऊन पाहून येजो गा," ती म्हणाली. "पोरीचं काम आहे."

चौथ्या-पाचव्या दिवशी तो परत आला. गाडीतून उतरला, तोंड धुतलं आणि खाटेवर बसला. मग त्याने सांगितलं. पत्ता बरोबर निघाला. खाली सोफे शिवायचं दुकान, वर एक खोली. खोलीत एक टेबल आणि टेबलावर डोकं ठेवून झोपलेला एक माणूस. दुलीचंदने त्याला उठवून विचारलं, "भैया, तालाब कहाँ है?" त्या माणसाने डोळे चोळले आणि म्हणाला, "तालाब फोटो का है."

शकुंतलाबाई अशी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मीही हसले, पण विचार करा. सोमवारी त्या खोलीत दुर्गेश्वरीचं नाव पडलं असतं. दुर्गाप्रसाद पुढचे काही दिवस ढाब्यासमोरून सायकल जोरात मारत जायचा.

त्या दिवसापासून जे सुरू झालं तसं मी पुन्हा कधी पाहिलं नाही. शकुंतलाबाईने प्रत्येक ड्रायव्हरला एकच काम सांगितलं. तुमच्या रस्त्यात धंद्याचं शिक्षण देणारं जे मोठं कॉलेज लागेल ते पाहून या आणि मला सांगा. एकाला सांगितलं की तो पुढच्या नाक्यावर दुसऱ्याला सांगे. हायवेवर निरोप असाच चालतो. कोणाचं टायर फुटलं, कोणाच्या घरी पोरगा झाला, सगळं एका केबिनमधून दुसऱ्या केबिनमध्ये जातं. आता त्यात दुर्गेश्वरीचं कॉलेज शिरलं. मी ज्यांना कधी पाहिलं नव्हतं असे ड्रायव्हर ढाब्यावर उतरून विचारायचे, "वो पढनेवाली लडकी का होटल यही है क्या?"

आणि बातम्या यायच्या. खरगपूर, भुवनेश्वर, इंदूर, अहमदाबाद. संध्याकाळी माझ्या बूथसमोर बसून आम्ही ऐकायचो. एवढा मोठा देश, आणि त्यातली कॉलेजं एकेक करून आमच्या खाटेवर येऊन बसत होती! मला वाटायचं, दिल्लीच्या मंत्र्यालाही कोणी असं घरबसल्या सांगत नसेल.

पण त्या बातम्या होत्या ड्रायव्हरच्या. "गेट बहोत बढिया है दीदी, दो गाडी साथ में निकल जाए." "पानी मीठा है." "नागपूरवाले का चौकीदार आदमी अच्छा है, गाडी लगाने दिया, हटाया नहीं." एका बंगाली ड्रायव्हरने एका विद्यापीठाला पहिला नंबर दिला, का तर तिथे समोर वडाचं झाड आहे आणि ट्रक सावलीत राहतो. शकुंतलाबाई हे सगळं मान डोलावत मनात धरायची. दुर्गेश्वरी कपाळावर हात मारायची. "माय, मले तिथं ट्रक लावाचा आहे काय?"

तिने स्वतःचं आधीच ठरवलं होतं. माझ्या बूथवरून फोन लावून लावून तिने पुण्याच्या एका विद्यापीठाची माहिती काढली होती. नाव नाही सांगत, उगाच त्यांची जाहिरात मी कशाला करू? तिथे व्यापाराचा तीन वर्षांचा कोर्स होता, आणि त्यात मालवाहतूक हा वेगळा विषय होता. बाकी कुठेच तो नव्हता. तिने अर्ज केला, परीक्षा दिली नागपूरला, आणि बोलावणं आलं. जुलै लागायच्या आत हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. ते पत्र तिने बूथमध्ये येऊन मला दाखवलं. मी लगेच तिचे हात धरून नाचले, बूथची काच फुटता फुटता राहिली.

शकुंतलाबाईने पत्राला हळदकुंकू वाहिलं. पण म्हणाली, "पुण्याची बातमी येऊ दे."

पुण्याच्या बातम्या आल्या आणि त्या सगळ्या काळ्याकुट्ट होत्या. एक म्हणाला, अंधार होता, काही दिसलं नाही. दुसरा म्हणाला, गेट बंद, आत एक दिवा, कुत्री भुंकत होती. तिसरा म्हणाला, रस्त्यावर चिटपाखरू नाही, बाईमाणूस तर नाहीच. लुधियानाच्या सरदारालाही विचारलं. "सुनसान है बहनजी," तो म्हणाला आणि मान हलवली.

झालं होतं असं, की पुणे शहरात मोठ्या गाड्यांना दिवसा बंदी. नो एंट्री. शहराबाहेर गाडी उभी करायची, रात्री आत शिरायचं, माल उतरवायचा आणि उजाडायच्या आत बाहेर पडायचं. इतकी वर्षं त्या शहरात जाणाऱ्या आमच्या एकाही भावाने पुण्याचा सूर्य पाहिला नव्हता! त्यांनी पाहिलं ते खरंच होतं, पण ते रात्रीचं पुणं होतं. मी शकुंतलाबाईला हे समजावलं. तिने नो एंट्रीचं ऐकलं आणि उलट जास्तच घाबरली.

"म्हंजे दिवसा आपल्या मानसाले घुसूच देत नाही तिथं?"

"गाडीला घुसू देत नाहीत, माणसाला नाही!"

"गाडी नाही तर मानूस कसा जाईल वो? पोरीले बरं नसलं, कोनी तरास देला, तर कोन पोचल तिच्यापाशी? रात वाट पाहाची काय?"

ट्रकवाल्यांच्या बाईला माणूस आणि गाडी ही दोन वेगळी वाटतच नव्हती. तिला माहीत असलेला प्रत्येक भाऊ चाकांवर होता. चाकं जिथे थांबतात तिथे तिच्या मते जगच थांबत होतं. मी बोलून बोलून दमले. नुसतं चिडून काही होत नाही, हे मला त्या दिवशी कळलं, आणि तरी मी चिडलेच.

दुर्गाप्रसादलाही तेवढ्यात हुरूप आला. सायकल थांबवून म्हणाला, "वहिनी बरोबर बोलते. पुण्यात आपलं कोन आहे? पोरीच्या मागं उभा राहाले मामा तरी आहे काय? नागपूरले पोरीची आते आहे, तिच्या घरी राहील, बी. कॉम. करल, घरकामाले मदतही होईल." शकुंतलाबाईचं तोंड उतरलं. मामाचा शब्द तिला नेहमी तसाच लागायचा. ती उठून आत गेली आणि बाहेर येऊन म्हणाली, "नागपूर."

दुर्गेश्वरी त्या वेळी ताटं उचलत होती. तिने ताटं खाली ठेवली, आपटली नाहीत, आणि ढाब्याच्या मधोमध उभी राहिली. खाटांवर ड्रायव्हर जेवत होते, दुलीचंदही होता. आधी ती आईला म्हणाली, "मले धंदा शिकाचा आहे. आतेचे भांडे नाही घासाचे." मग सगळ्यांकडे फिरली. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता, त्यामुळे मराठी, हिंदी सगळं एकत्र झालं.

"तुमी लोक सारा देश फिरून येऊन राहिले. गेट पाहिलं, पानी पेलं, झाडाची सावली पाहिली. सब केबिन में बैठ के! कोनी उतरलं काय खाली? एक भी आदमी उतर के अंदर गया? दोन पाय आहेत ना तुमाले? माह्यासाठी एक डाव चालून नाही पाहिलं कोनी!"

सगळे ताटात बघत बसले. सरदार असता तर तोही खाली बघत बसला असता. बिसरामच्या भट्टीवर रोटी जळाली, तरी त्याने ती काढली नाही. दुलीचंदने ताटातलं अन्न संपवलं, हात धुतले, पागोट्यासारखा गमछा बांधला आणि गाडी चालू करून निघून गेला. मला त्याचा इतका राग आला! म्हटलं, पोरगी जीव तोडून बोलते आणि हा माणूस जेवण पुरं करतो.

त्यानंतर दुर्गेश्वरी आईशी बोलेना. आई वाढायची, ही जेवायची, बस्स. जून संपत आला होता. नागपूरच्या आतेचा फोनही येऊन गेला, कपाट रिकामं केलंय म्हणून.

आणि एका दुपारी दुलीचंदची गाडी आली. तो उतरला तर आम्ही ओळखलंच नाही. अंगात पांढरा शर्ट, इस्त्रीचा, भाच्याच्या लग्नात घालायला ठेवलेला. केस तेल लावून बसवलेले. पायात चपलेच्या जागी बूट, आणि बुटांनी पाय सोलले होते म्हणून लंगडत होता. तो शकुंतलाबाईसमोर खाटेवर बसला आणि म्हणाला, "दीदी, मैं उतरा था."

मी बूथ तसंच सोडून आले. दुर्गेश्वरी दाराआड उभी राहिली.

त्याने गाडी वाघोलीला शहराबाहेर लावली. क्लीनरला सांगितलं, हलू नको. शर्ट घातला आणि शहराच्या बसमध्ये चढला. आयुष्यात पहिल्यांदा तो दिवसा पुण्यात शिरला. रस्ते तेच, पण माणसांनी भरलेले. ज्या चौकात त्याला कुत्री भेटायची तिथे शाळेची पोरं रस्ता ओलांडत होती. "मैं तो पहचाना ही नहीं दीदी." गेटवर चौकीदाराने अडवलं, कोण पाहिजे? दुलीचंद म्हणाला, भांजीचं नाव घालायचंय, जरा पाहून घेतो. चौकीदाराने त्याला वरून खाली पाहिलं आणि म्हणाला, पाहा.

आत झाडं होती. त्यांच्या खाली पोरी बसल्या होत्या, एकट्या, पुस्तक घेऊन, आणि कोणी त्यांच्याकडे वळून बघत नव्हतं. हे सांगताना दुलीचंद थांबला. एकटी पोरगी बसली आहे आणि कोणी बघत नाही, हे त्याने कुठल्याच नाक्यावर पाहिलं नव्हतं. मग तो एका लांब इमारतीत शिरला, कोणी काही म्हणेना म्हणून चालत राहिला. एका वर्गाची खिडकी उघडी होती. आत एक मॅडम शिकवत होती. दुलीचंद खिडकीशी उभा राहिला, आणि त्याने फळा पाहिला.

फळ्यावर ट्रक काढला होता.

"ट्रक?" शकुंतलाबाई म्हणाली.

"अपना ट्रक, दीदी. चक्का, डाला, केबिन, सब." त्याने हवेत बोटाने काढून दाखवला. एका टोकाला गिरणी होती, दुसऱ्या टोकाला दुकान, आणि मध्ये बाणावर ट्रक. मॅडम पोरांना विचारत होती, माल उतरवून ही गाडी रिकामी परत येते, त्याचा तोटा कोणाचा? आणि पोरं हात वर करून बोलत होती, भांडत होती, कोणी म्हणे मालकाचा, कोणी म्हणे व्यापाऱ्याचा. एक मुलगी उठून म्हणाली, ड्रायव्हरचा पण. रिकामं परत आलं तर ड्रायव्हरला भत्ता कमी मिळतो, हे तिला माहीत होतं!

दुलीचंदने गमछ्याने तोंड पुसलं. "बीस साल से मैं खाली लौट रहा हूँ, दीदी. मैं समझता था ये मेरा नसीब है. वहाँ उसको पढाते हैं. इतना बडा मकान, इतने बच्चे, और बीच में हमारी गाडी."

मी आजपर्यंत खूप भाषणं ऐकलीत. चौदा एप्रिलला आमच्या विहारात मोठमोठे लोक येऊन बोलतात, टाळ्या पडतात. पण शिक्षणाबद्दल असं बोललेलं मी कोणाच्या तोंडून ऐकलं नाही. बिसराम भट्टी सोडून आला होता आणि दुलीचंदच्या सोललेल्या पायांकडे बघत उभा होता. तो आत गेला आणि खोबरेल तेलाची बाटली घेऊन आला.

मग शकुंतलाबाईने विचारलं, "दिवसा चालून जाता येते मंग?"

"हाँ दीदी. बस जाती है."

"आन् चौकीदारानं जाऊ देलं तुले?"

"मामा बोला तो जाने दिया."

तिने दाराकडे पाहिलं. "दुर्गेश्वरी," ती म्हणाली, "सामान बांध. आन् तुह्या मामाले पानी दे आधी." दुर्गेश्वरी पाणी घेऊन आली ते दुलीचंदच्या पायांशीच बसली आणि ढसाढसा रडली. दोन आठवडे ज्या आईशी बोलली नव्हती तिच्या मांडीत मग तोंड खुपसलं. आईने फक्त तिच्या वेणीवरून हात फिरवला आणि मला म्हणाली, "तू काऊन रडून राहिली वो? बूथमंदी फोन वाजून राहिला."

दुर्गेश्वरी पुण्याला गेली. रविवारी तिचा फोन माझ्या बूथवर यायचा आणि शकुंतलाबाई रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून बोलायची. पहिला प्रश्न नेहमी तोच, कोणी येऊन गेलं काय? "हाव माय, मामा येऊन गेला. चिवडा भेटला." कधी लोणचं भेटायचं, कधी नवा तांदूळ. शकुंतलाबाई डबा दुलीचंदच्याच हाती द्यायची, त्यामुळे दुलीचंद जाऊन आला असंच आम्ही दोघी समजायचो. एकदा महिन्यात चार वेळा मामा येऊन गेल्याचं ऐकलं तेव्हा मी म्हटलं, दुलीचंद लोखंड वाहतो की चिवडा? बाई हसली आणि ते तिथेच राहिलं.

आता हे पुढचं सांगून टाकते, म्हणजे लोक विचारत बसणार नाहीत. रस्ता चौपदरी झाला आणि ढाबा गेला. लाल खुणेपर्यंत सगळं पाडलं, माझं बूथही. पण तोवर दुर्गेश्वरीने गोंदियात कार्यालय उघडलं होतं. तांदळाच्या गिरण्यांचा माल घेऊन गेलेल्या गाड्यांना येताना भरून पाठवायचा माल शोधून देणं, हा तिचा धंदा. आमच्या रस्त्यावरून रिकाम्या येणाऱ्या कितीतरी गाड्या आता भरून येतात. दुर्गाप्रसाद सगळ्यांना सांगतो, माझी पुतणी आहे. सांगू दे बापडा.

पण माझ्या मनात राहिलंय ते दोन हजार सातमधलं पुण्याचं गेट. पोरीला पदवी मिळणार होती आणि शकुंतलाबाई पहिल्यांदा पुण्याला चालली होती. सोबत मी. बिसराम म्हणाला, भट्टी कोण पाहील, आणि मागे राहिला, पण दुर्गेश्वरीसाठी रोट्या त्याने स्वतः बांधून दिल्या. आम्ही रेल्वेने गेलो आणि मग शहरातल्या बसने, भर दुपारी, लख्ख उन्हात. शकुंतलाबाई खिडकीतून बघत होती, एकटक. "दिवसा असं दिसते काय हे," एवढंच एकदा म्हणाली.

मुलींच्या वसतिगृहाच्या गेटवर एक म्हातारा चौकीदार होता, साताऱ्याकडचा, खाकी कपड्यांतला. त्याने विचारलं, कोणाला भेटायचंय? शकुंतलाबाईने पदर सावरला. "दुर्गेश्वरी पटलेची माय आहो मी. गोंदियाकडून आलो."

चौकीदार खुर्चीतून उठला. त्याने चक्क हात जोडले.

"या मावशी, या! बसा. तुमच्या भावांना ओळखतो मी सगळ्यांना."

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. "कोनते भाऊ?" शकुंतलाबाई म्हणाली.

"अहो, पोरीचे मामा!" म्हातारा रंगात आला. "पहिला आला तो छत्तीसगडचा, पांढऱ्या शर्टातला. मी तेव्हा मोठ्या गेटवर होतो, मीच त्याला आत सोडलं. मग एक सरदारजी आला, पगडी बांधून, हातात सफरचंदाची पिशवी. म्हटलं, तुम्ही कोण? म्हणाला, मामा. म्हटलं, सरदारजी, मुलगी पटले आणि तुम्ही मामा कसे? तर छाती काढून म्हणाला, सगा हूँ. मग एक बंगाली आला, तोही सख्खा मामा. एक बिहारी आला, मनगटावर जुनी झालेली राखी दाखवून म्हणाला, ये देखो. ट्रक तिकडे नाक्याबाहेर ठेवायचे, बसने यायचे, गेटवर उभे राहायचे, पोरीला पाच मिनिटं बघायचे, ठीक आहेस ना बेटी म्हणायचे, आणि परत चालते व्हायचे. एवढ्या वर्षांत या गेटवर असली पोरगी नाही पाहिली मी. नंतर तर मी विचारणंच सोडलं."

शकुंतलाबाई गेटचा गज धरून उभी होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. गावात जिला आयुष्यभर भाऊ नाही म्हणून हळहळ ऐकावी लागली ती बाई.

म्हातारा थोडा पुढे वाकला. "पण मावशी, खरं सांगा मला. एकूण भाऊ किती हो तुम्हाला?"

तिने रस्त्याकडे पाहिलं. दुपारचा रस्ता होता, मोटारी होत्या, रिक्षा होत्या, ट्रक एकही नव्हता. मग तिने पदराने तोंड पुसलं.

"मोजले नाही जी कधी," ती म्हणाली, आणि रोट्यांची पिशवी उचलून आत गेली.